घरात साय, परसात केने

माझा चेहरा चांगला होता. बढाई म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. गोरा, नितळ, कुठे डाग नाही की पुटकुळी नाही. मला पाळण्यात घातलं त्या दिवशी जमलेल्या बायका म्हणाल्या होत्या म्हणे, "हिच्या तोंडाला काही करायला नको बाई." त्या बायकांचं मी काय घोडं मारलं होतं कोण जाणे. आईने त्यांचं बोलणं इतकं मनावर घेतलं की माझ्या चेहऱ्याला तिने पुढे खरोखरच कधी काही केलं नाही.

जे काही करायचं ते अक्काला. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. वडिलांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे आमच्या मराठीत ताई आणि बाबा कधी आलेच नाहीत. बहीण ती अक्का आणि वडील ते अण्णा. आई मात्र साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली. मी जन्मायच्या आदल्या वर्षी अक्काला देवी आल्या. ती वाचली, पण तोंडावर वण राहिले. नाकाच्या बाजूला थोडे, डाव्या गालावर बरेच, आणि डाव्या कानाच्या पाळीखाली एक चांगला खोल, हरभऱ्याची डाळ मावेल असा. मुळात ती सावळी. केस मात्र गुडघ्यापर्यंत, आणि ती हसली की समोरचं माणूसही हसायचं. एवढं मी कबूल करते, यापुढे करणार नाही.

बंगळूरला बायकांचं तेल लावून न्हाणं मंगळवारी आणि शुक्रवारी. आम्ही राहायचो मल्लेश्वरमला. शुक्रवारी अक्का न्हाऊन आली की आई पाट उचलून परसात यायची. परसात दोन नारळ, एक सोनचाफा आणि कपडे धुवायचा दगड. दगडापुढे सकाळचं कोवळं ऊन पडायचं, तिथे पाट. पाटावर अक्का, तिच्यासमोर उकिडवी बसलेली आई, आणि दगडावर गुडघ्यांना मिठी मारून मी.

मी ते इतक्या वेळा पाहिलं आहे की आजही डोळे मिटून सांगेन. आधी पंच्याचा तुकडा कढत पाण्यात पिळून अक्काच्या तोंडावर ठेवायचा. वाफेने चेहरा मऊ झाला की हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, आंबेहळद आणि साय कालवून त्याचा लेप. लेप सुकेपर्यंत अक्काने हसायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर त्याला तडे जायचे. मी नेमकी तेव्हाच तिला हसवायची. मग कोमट पाण्याने लेप उतरवायचा, कापसाच्या बोळ्याने वणांवर शहाळ्याचं पाणी टिपायचं, आणि शेवटी नुसती साय. ही साय आई अंगठ्याने लावायची. एकेका वणावर अंगठा टेकवून, बारीक बारीक गोल फिरवत, गालावरून खाली कानाच्या पाळीपर्यंत. तिथल्या खोल वणाशी अंगठा थांबायचा. पुरणपोळीच्या उंड्याला खळगा करतात तसा आई तो दाबायची, आणि तेव्हा अक्काचे डोळे आपोआप मिटायचे.

साय पुसून काढली की स्नो. अण्णा तो कंटोन्मेंटमधल्या दुकानातून आणायचे, पांढऱ्या काचेच्या बुटक्या बाटलीत. आम्ही बंगळूरच्या पोरींनी बर्फ जन्मात पाहिला नव्हता, पण स्नोचा वास डोळे झाकून ओळखला असता. तो लावून झाला की लगेच पावडर नाही. पदराने वारा घालत आई थांबायची.

"आधी तोंड मुरू दे," ती म्हणायची, "मग पावडर. भिंत न झाडता चुना मारला तर तो बसतो का?"

लोणच्यासारखं अक्काचं तोंड मुरायचं. मग पावडर, काजळ, मेणावर कुंकू. हा शेवटचा भाग पाच मिनिटांत उरकायचा आणि त्याचा मला कधी हेवा वाटला नाही. कुंकू मीही लावत होते, पावडर मीही थापत होते. हेवा वाटायचा तो त्याच्या आधीच्या सगळ्याचा. त्या अंगठ्याचा.

"आणि मला?" मी दगडावरून विचारायची.

"तुला काय लागतंय?" आई म्हणायची.

मराठीतला हा लागणे शब्द मोठा लागट आहे. भूक लागते, ठेच लागते, हळद लागते, माणूस माणसाचं कोणीतरी लागतं. आई एका दमात सांगून टाकायची की तुला यातलं काहीच लागत नाही. वर ते कौतुक म्हणून सांगायची. कौतुकाने माझा तिळपापड व्हायचा. शाळेत बाई म्हणत, काय गोड चेहरा आहे, आणि मला वाटायचं, घ्या तुम्हीच घेऊन जा.

मी स्वतः लावून पाहिलं नाही असं नाही. चोरून वाटीतली साय घेतली, न्हाणीघरात दार लावून अंगठ्याने गालावर फिरवली. काही झालं नाही. आपलाच अंगठा आपल्याच गालावर, त्यात काय आहे? उलट दिवसभर तोंडाला दुधाचा आंबूस वास येत राहिला आणि अण्णा म्हणाले, मांजरीने कुठे तोंड घातलं वाटतं.

मग मी ठरवलं, आपल्याला काहीतरी लागलं पाहिजे. शेजारच्या अज्जींच्या आंब्याची एक फांदी आमच्या परसात झुकलेली होती. अज्जी म्हणजे शेजारच्या कानडी घरातल्या म्हाताऱ्या बाई, दोन्ही घरांना हक्काने रागावणाऱ्या. त्यांच्या आंब्याची कोवळी कैरी तोडली की देठातून चीक उडायचा, आणि चीक उततो हे प्रत्येक पोराला माहीत असतं. मी एके दुपारी तो बोटावर घेतला आणि डाव्या गालावर लावला. डाव्याच. अक्काचे वण डावीकडे होते.

गाल असा काही उतला की संध्याकाळपर्यंत एक डोळा मिटला. मी मनातून खूश होते. आता पाट येईल, पंच्याचा तुकडा येईल, वाटी येईल. आई आली, तिने माझं तोंड उजेडाकडे वळवलं, बोटाला लागलेला काळा चीक पाहिला आणि उजव्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली.

"देवाने दिलेलं चांगलं तोंड असं नासवतेस? एकीचं गेलं ते पुरे नाही झालं?"

म्हणजे हात लागला, पण असा. औषध लावायला तिने मला अण्णांबरोबर दवाखान्यात पाठवलं. तिथल्या कंपाउंडरने जांभळं औषध फासलं आणि आठवडाभर मी जांभळं तोंड घेऊन शाळेत गेले. गाल बरा झाला. डाग म्हणून राहिला नाही. माझं नशीबच तसं.

आता सायीबद्दल सांगायला हवं. मराठीत साय म्हणजे दुधावरची साय. कानडीत 'सायि' म्हणजे मर. शेवटी एक ऱ्हस्व इकार असतो, पण लांबून हाक मारताना इकार कोण ऐकतं? आई नवी लग्न होऊन आली तेव्हा तिला कानडीचा गंध नव्हता. एकदा परसात दुधाचं भांडं घेऊन उभी राहून तिने घरातल्या सासूला विचारलं, "सासूबाई, साय? सासूबाई, साय?" म्हणजे काढू का. कुंपणापलीकडे अज्जींनी ऐकलं की मराठ्यांची नवी सून सासूला भरदिवसा मर मर म्हणते आहे. आठवडाभर गल्लीत कोणी आईशी बोललं नाही. खुलासा झाला, लोक हसले, पण तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. घरात साय, परसात केने. केने हा सायीचा कानडी शब्द. आईने तो एवढा पाळला की उंबऱ्यावर उभी असताना बोलता बोलता पाय बाहेर पडला, तर शब्द बदलायची.

मी दहा वर्षांची असेन. शुक्रवारच होता. सणामुळे घरात दूध जास्त आलेलं, वाटी काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, आज तरी. आई काहीतरी आणायला आत गेली होती. अक्का लेप लावून डोळे मिटून पाटावर बसलेली, आणि उन्हात तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं की मला बघवेना. मी दगडावर उभी राहिले आणि ओरडले, "साय! मला साय! अक्का, साय! साय!"

कुंपणाचा दरवाजा करकरला. अज्जी तरातरा आत आल्या आणि त्यांनी माझी हनुवटी धरली.

"अक्कंगे हागेल्ला अन्बारदु, मगू," त्या म्हणाल्या. बाळ, अक्काला असं म्हणू नये. त्यांचे डोळे भरून आले होते. "साक्षात मरणाच्या दारातून परत आलेली पोर ती."

तेवढ्यात आई बाहेर आली. तिच्या लक्षात आलं. ती हसायला लागली, वाटी पुढे करून अज्जींना दाखवायला लागली, "केने, अज्जी, केने! पोरगी केने मागतेय." अज्जी पण मग डोळे पुसत हसल्या. अक्का हसली नाही. लेप सुकायचा होता हे कारण असेल. पण तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी कानडी मुलांत वाढलेल्या. घरात मराठीत भांडायचो आणि रस्त्यावर कानडीत. मी कुठल्या भाषेत ओरडले ते आईला माहीत होतं, अज्जींना माहीत होतं, आणि दोघींना वेगवेगळं माहीत होतं. अक्काला दोन्ही माहीत होतं.

त्या दिवशी तिने वाटीच्या तळाला राहिलेली साय मला दिली. "घे," म्हणाली. मी घेतली नाही. मला तिची उष्टी साय नको होती.

अक्का सतरा-अठराची झाली आणि तिला बघायला येणं सुरू झालं. त्या दिवशी तर सकाळपासून पाट मांडलेला. पंच्याचा तुकडा दोनदा, लेप दोनदा, आणि मुरायला पाऊण तास. मला मात्र न्याहारी झाली की अज्जींकडे पाठवून द्यायचे. पाहुणे उठून गेले की बोलावणं यायचं. पहिल्यांदा मला वाटलं, मी दंगा करते म्हणून. दुसऱ्यांदा मी अज्जींना विचारलं.

अज्जी ओसरीवर वाती वळत होत्या. माझ्याशी त्या आपल्या मोडक्या मराठीत बोलायच्या. "तुला बगितल्यावर तिला कोण बगतील?" त्या म्हणाल्या.

क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग उमगलं की माझ्या चांगल्या तोंडाचा घरात एवढाच उपयोग आहे, लपवून ठेवायला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. भिंतीपलीकडून आईचा आवाज येत होता, "मान स्वल्प वर कर. सरी. आता मुरू दे." कानडी 'सरी', म्हणजे 'ठीक आहे', आता आईच्याही तोंडी बसलं होतं. मी अज्जींनी दिलेली कोडबळी कडाकडा चावत बसले.

माझं तोंड पाहून अज्जींना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. अक्काला देवी आल्या तेव्हा अंगाला, तोंडाला हात लावायची सोय नव्हती. पोर खाजवायला बघायची. तुझी आई रात्रंदिवस तिचे दोन्ही हात धरून बसायची, कडुलिंबाच्या पाल्याने वारा घालायची, आणि पोर 'आई, तोंडावरून हात फिरव' म्हणून रडायची. आईने नाही फिरवला. एकदाही नाही. "आता फिरवून फिरवून भरून काढते," अज्जी म्हणाल्या.

मी ऐकलं. मला समजलं. आणि माझा जळफळाट तसूभरही कमी झाला नाही. उलट असं वाटलं की अक्काने माझ्या जन्माच्या आधीच सगळं गाठोडं बांधून ठेवलं, आणि मी आले तेव्हा फडकं झटकलेलं.

तिसरं स्थळ हुबळीचं. मुलाने पोहे खाल्ले, चहा प्यायला आणि सरळ म्हणाला, "हिला देवी येऊन गेल्या ना? माझ्या आईलाही वण आहेत. मला त्याचं काही नाही." होकार देऊनच मंडळी उठली. म्हणजे इतक्या वर्षांची साय, शहाळी, स्नो, सगळं बाजूला ठेवून त्या माणसाने नेमके वणच पाहिले होते, आणि ते त्याला आवडीचे निघाले होते. माझ्या नितळ गालाने कोणाला आपलं घरचं माणूस आठवणार होतं? आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी अज्जींकडून परत आले तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा उजळलेला.

मला वाटलं, चला, आता शुक्रवार संपले. वण झाकायचं कारण उरलं नाही. पण पुढच्या शुक्रवारी पाट होताच. त्याच्या पुढच्याही. लग्नापर्यंत एक शुक्रवार चुकला नाही. तेव्हा मला पक्कं कळलं की हे वणांसाठी नव्हतंच. वणांसाठी असतं तर मी सोसलं असतं. औषध आहे, रोग्याला मिळतं, असं म्हणून गप्प बसले असते. पण हे औषध नव्हतं, आणि तरीही ते मला मिळत नव्हतं.

अक्काच्या लग्नातला एक फोटो आहे. त्यात तिच्या चेहऱ्यावर एक खळगा दिसत नाही. पावडर अशी बसली आहे की जो तो आईला विचारत होता, काय लावलंत? कडेला मी उभी आहे. नाक चकाकतं आहे, कपाळ तेलकट, कारण त्या गडबडीत माझ्या तोंडाकडे बघायला कोणाला सवड नव्हती. घरात सगळ्यांत चांगला चेहरा माझा आणि फोटोत सगळ्यांत वाईट मी दिसते. पाहुण्यांना अल्बम दाखवताना ते पान मी आजही भरकन उलटते.

अक्का सासरी गेली. त्यानंतरचा पहिला शुक्रवार मला स्वच्छ आठवतो. मी पहाटे उठून तेल लावून न्हाले. केस पुसले. पाट मीच उचलला, परसात नेला, उन्हात मांडला आणि त्यावर बसले. दगडाकडे पाठ केली. आई मागच्या दारात आली, हातात पितळेची वाटी. मी डोळे मिटून घेतले.

"ऊठ ग, मला नारळ खवायचाय," आई म्हणाली.

मी तशीच बसून राहिले. म्हटलं, "आई, मला लाव की."

"तुला काय लागतंय?" ती म्हणाली. रागावून नाही, हसूनच. मी उठले. तिने पाटावर बसून नारळ खवला. वाटीतली साय ती घुसळायला ठेवत होती, लोणी काढायला.

पुढे सहा-सात वर्षं आमच्या घरात पुष्कळ लोणी झालं. अक्का पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा मात्र शुक्रवार परत सुरू झाले. दुसऱ्या वेळीही. पोर मांडीवर घेऊन ती पाटावर बसायची आणि आईचा अंगठा तिच्या गालावर फिरायचा. मी तोवर नोकरीला लागले होते. ऑफिसला निघताना परसातून जायची गरज नव्हती, तरी मी चपला तिथेच काढून ठेवत असे. म्हणजे जाता येता बघायला मिळायचं आणि जळायला मिळायचं. दुखऱ्या दाताला जीभ लावल्यावाचून राहवत नाही, तसं ते होतं.

माझं लग्न ठरलं. स्थळ आपणहून चालून आलं, बघायचा कार्यक्रम नावापुरता झाला, आणि अर्थातच कोणी पाट मांडला नाही. अक्का दोन मुलांना घेऊन हुबळीहून आठवडाभर आधी आली. हळदीच्या दिवशी सकाळी घरात माणसांची ही गर्दी. मी न्हाऊन केस पंच्यात गुंडाळून मागच्या दारी आले, तर उन्हात पाट मांडलेला. शेजारी वाटी. आई बाही सावरत उभी.

"ये. बस," आई म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, अक्का मागे असेल.

"तुलाच म्हणतेय. हळद लागायच्या आधी तोंड तयार नको?"

मी बसले. पंच्याचा तुकडा तोंडावर आला, कढत. त्याच्याखाली मी रडले ते कोणाला दिसलं नाही. मग लेप. मी हसले नाही, बोलले नाही, श्वाससुद्धा बेताने घेतला. एक तडा जाऊ दिला नाही. मग कोमट पाणी. मग शहाळ्याचा गार बोळा. एवढ्या वर्षांत दगडावरून जे जे पाहिलं होतं ते एकामागून एक माझ्या तोंडावर येत होतं, आणि पुढचं काय ते मला पाठ होतं. सायीचा अंगठा डाव्या गालावर टेकला.

आई शेजारच्या बायकांनी काय काय आणायचं त्याबद्दल बोलत होती. हात आपले आपण चालले होते. अंगठा नाकाच्या बाजूला थोडा थांबला, गोल फिरला, दाबला, पुढे सरकला. परत थांबला, दाबला. मला आधी कळेना की मधेच ही थांबते कशासाठी. मग कळलं. अंगठा वण शोधत होता. माझ्या गालावर नसलेला एकेक वण त्याने बरोबर त्याच्या जागी गाठला आणि त्यात साय भरली. गालावरून उतरत उतरत तो कानाच्या पाळीखाली आला, तिथे थांबला, आणि त्याने खळगा करतात तसं दाबलं.

उभ्या जन्मात एकदा आईचे हात असे माझ्या तोंडावर आले, तर ते अक्काच्या तोंडावरून फिरत होते. मला ते कळत होतं. आणि मी काय केलं? मान थोडी वळवली, गाल पुढे केला, खळगा असल्यासारखा. डोळे मिटून घेतले. म्हटलं, फिरू दे. कोणाच्या का तोंडावर असेना, फिरू दे.

"आई," मागून अक्काचा आवाज आला. "ती आहे ग. तिथे काही नाहीये तिला."

मी डोळे उघडले. अक्का धुण्याच्या दगडावर बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. त्या दगडावर अक्का बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. तिची मुलं आत कुठेतरी रडत होती आणि ती उठत नव्हती. तिच्या आवाजात जे होतं ते मी बरोबर ओळखलं. पंधरा वर्षं तो आवाज माझा होता.

आईचा अंगठा उचलला गेला. तिने माझ्या गालाकडे नीट पाहिलं आणि तिला हसू आलं. "खरंच की," ती म्हणाली. "हिला काय लागतंय?"

मी अक्काकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"साय," मी म्हणाले.

"परसात केने म्हणावं ग, लग्न झालं तरी शिकणार नाहीस," आई म्हणाली आणि तिने वाटी माझ्याकडे सरकवली. "घे, आहे अजून."

"सरी," अक्का म्हणाली. ते मला उत्तर होतं.

आईने पदराला हात पुसले आणि ती हळद कालवायला आत गेली.